कॉन्फेडरेट फौजेतल्या साध्या शिपायाचे चरित्र कागदपत्रांवरून कसे लिहावे

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धावर लिहू लागले, की सेनापतींबद्दलच्या सामग्रीची उणीव कधीच भासत नाही. रॉबर्ट ली किंवा ब्रॅक्स्टन ब्रॅग या कॉन्फेडरेट, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, सेनापतींनी कोणत्या दिवशी कोणता हुकूम सोडला हे बारकाईने सांगता येते. परंतु त्या हुकमांवर चालत गेलेल्या साडेसात ते दहा लाख माणसांपैकी एखाद्या साध्या शिपायाचे आयुष्य लिहायला घेतले, तर हाती येतात ती पाचदहा कार्डे, कपड्यांची एखादी पावती, जनगणनेतली एक ओळ आणि म्हातारपणी केलेला पेन्शनचा अर्ज. एवढ्या सामग्रीवर खरे चरित्र उभे राहू शकते. मात्र प्रत्येक कागद कोणी लिहिला, कधी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. यांतले बहुतेक कागद आता छायाचित्रांच्या रूपात इंटरनेटवर आले आहेत, त्यामुळे हे काम घरबसल्या करता येते. ते कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे सावध राहावे, हे पुढे सांगितले आहे.

फौजेच्या आधीचे घर

शोधाची सुरुवात फौजेच्या दफ्तरापासून न करता १८६० च्या जनगणनेपासून करावी. शिपाई कोणत्या काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या कोणत्या जिल्ह्याचा, होता हे कळले, की तिथल्या तक्त्यांत त्याचे घर शोधावे. मुख्य तक्त्यात घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचे नाव, वय, धंदा, जन्माचे राज्य, स्थावर मालमत्तेची किंमत आणि जंगम मालमत्तेची किंमत नोंदलेली असते, आणि वीस वर्षांवरील ज्याला लिहितावाचता येत नसे त्याच्यापुढे तशी खूणही असते. वीस-बावीस वर्षांचा तरुण बहुधा बापाच्याच घरी राहत असे, आणि त्याच्या नावापुढचे मालमत्तेचे रकाने कोरे असतात. ते पाहून ‘हा निर्धन होता’ असे लिहून मोकळे होऊ नये. कुटुंबप्रमुखाची ओळ वाचावी. जंगम मालमत्तेचा आकडा जमिनीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा दिसला, तर त्याचा अर्थ बहुधा एकच असतो: त्या आकड्यात माणसांची किंमत धरलेली आहे.

म्हणूनच त्याच जनगणनेचा दुसरा तक्ता, म्हणजे गुलामांचा तक्ता, उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यात मालकाचे नाव असते आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग आणि वर्ण एवढेच असते. पस्तीस वर्षांचा पुरुष, अठ्ठावीस वर्षांची स्त्री, चार वर्षांची मुलगी, अशा ओळी खाली खाली जात राहतात, आणि ज्यांच्याबद्दल त्या लिहिल्या आहेत त्यांची नावे जवळजवळ कुठेच नसतात. फुटून निघालेल्या अकरा राज्यांत त्या वेळी सुमारे ३५ लाख माणसे गुलामीत होती आणि दर दहा गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे तीन कुटुंबे गुलामांची मालक होती. आपला शिपाई उरलेल्या सातांपैकी एका घरचा असेल, तरी आसपासची पाने चाळून त्याचे शेजारी, मामा-काका आणि पुढे जो त्याचा कॅप्टन झाला तो माणूस यांची घरे पाहावीत. कोणाच्या शेतावर कोण राबत होते हे कळल्यावर त्या गावाचे चित्र बदलते.

शेतीचा तिसरा तक्ताही असतो. त्यात किती एकर जमीन लागवडीखाली होती, मका किती बुशेल झाला, कापसाच्या गाठी किती निघाल्या, डुकरे किती होती हे सारे येते. शेतकरी शिपायाच्या घरची स्थिती समजायला याहून चांगला कागद नाही, आणि तरीही चरित्रे लिहिणारे पुष्कळ लोक तो उघडतच नाहीत.

हे सगळे आधी करायचे कारण असे, की शिपायाला त्याने ज्याच्यासाठी शस्त्र धरले त्या राज्यसंस्थेपासून वेगळे काढून त्याची गोष्ट सांगणे खोटेपणाचे ठरते. मिसिसिपीने फुटून निघण्याची कारणे जाहीर केली तेव्हा आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचे स्वतःच लिहून ठेवले. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळ्या माणसाचे गोऱ्यापेक्षा कनिष्ठ असणे, असे उघडपणे सांगितले. एखादा शिपाई स्वतः कोणत्या कारणाने भरती झाला हे त्याच्या पत्रांतून कळले तर लिहावे. कळले नाही तर त्याच्या तोंडी आपण शब्द घालू नयेत. पण त्याचे सरकार कशासाठी लढत होते, याबद्दल संदिग्ध राहण्याचे काहीच कारण नाही.

नाव आणि पलटण यांची गाठ घालणे

एका नावाचे दहा शिपाई सापडतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवणे ही पहिली खरी अडचण असते. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या नोंदींची सूची इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे. तीत नाव, पलटण, भरतीच्या वेळचा हुद्दा आणि सेवेअखेरीचा हुद्दा एवढे मिळते. आडनावाची सगळी रूपे तिथे तपासावीत, कारण हजेरी लिहिणारा सार्जंट कानावर पडेल तसे नाव लिहीत असे, आणि एकाच माणसाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी सापडणे ही नित्याची गोष्ट आहे. कधी नावाची केवळ आद्याक्षरेच दिलेली असतात.

इथे पलटणीची रचना माहीत असणे उपयोगी पडते. एका पलटणीत, म्हणजे रेजिमेंटमध्ये, साधारणपणे दहा कंपन्या असत आणि त्यांना इंग्रजी वर्णमालेतली ए पासून के पर्यंतची अक्षरे दिलेली असत, त्यांतले जे हे अक्षर वगळून. कागदावर कंपनीची संख्या शंभराच्या आसपास असे; प्रत्यक्षात युद्धाच्या उत्तरार्धात तीत वीस-तीस माणसे उरलेली दिसतात. बहुतेक कंपन्या एकेका काउंटीतूनच उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे शिपायाची काउंटी कळली, की त्या काउंटीतून कोणत्या रेजिमेंटची कोणती कंपनी निघाली हे पाहावे, आणि त्या कंपनीच्या यादीत त्याचे भाऊ, मेहुणे, शेजारी सापडतात का ते तपासावे. ते सापडले तर माणूस बरोबर ओळखला असे समजायला हरकत नाही. नुसते नाव जुळले एवढ्यावर मात्र कधीही विसंबू नये.

पलटण सापडत नसेल तर आणखी काही शक्यता असतात. १८६२ च्या वसंतात पुष्कळ पलटणींची फेररचना झाली, तेव्हा क्रमांक किंवा कंपनीचे अक्षर बदलून एकाच माणसाच्या सेवेच्या कागदांची दोन पाकिटे तयार झाली. राज्याच्या मिलिशियात किंवा होम गार्डमध्ये, म्हणजे राज्यापुरत्या स्थानिक दलांत, राहिलेल्यांची नोंद केंद्रीय दफ्तरात नसते. ती त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात शोधावी लागते. केंटकी, मिसुरी आणि मेरीलँड ही राज्ये फुटून निघाली नव्हती, तरी तिथल्या माणसांच्या कॉन्फेडरेट पलटणी होत्या. उलट पूर्व टेनेसी आणि उत्तर अलाबामा या भागांतली बरीच गोरी माणसे संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढली. म्हणून दक्षिणेतला माणूस कॉन्फेडरेट सूचीत मिळाला नाही, तर संघराज्याची सूचीही पाहावी. काही जण दोन्हीकडे सापडतात.

कार्डे कशी वाचावीत

मुख्य साधन म्हणजे शिपायाचे संकलित सेवापत्रक. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये रेकॉर्ड ग्रुप १०९ मध्ये आहे. त्याची एकत्रित सूची एम-२५३ या मायक्रोफिल्मवर आहे आणि राज्यवार पाकिटांची छायाचित्रे फोल्ड-थ्री या सशुल्क संकेतस्थळावर पाहायला मिळतात. परंतु ते कसे तयार झाले हे समजून घेतल्याशिवाय वाचायला बसू नये. १८६५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला राजधानी रिचमंड सोडताना लागलेल्या आगीत पुष्कळ कागद जळाले. जे आधीच हलवले होते त्यांतला मोठा भाग अ‍ॅड्ज्युटंट जनरल सॅम्युअल कूपर यांनी शार्लट येथे संघराज्याच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला. तो वॉशिंग्टनला गेला. पुढे १९०३ पासून युद्धखात्याच्या कारकुनांनी हे मूळ हजेरीपट, दक्षिणेतल्या राज्यांकडून मागवलेल्या याद्या आणि कैद्यांच्या व रुग्णालयांच्या नोंदवह्या वाचून, जिथे जिथे शिपायाचे नाव आले तिथला मजकूर एकेका कार्डावर उतरवला आणि माणसागणिक एक पाकीट केले. कार्डाच्या तळाशी नक्कल करणाऱ्या कारकुनाचे नाव असते. म्हणजे आपण जे वाचतो ते १८६२ चे हस्ताक्षर नसून चाळीस वर्षांनंतरची नक्कल आहे, आणि नक्कल करताना गावांची व माणसांची नावे चुकली असण्याची शक्यता गृहीत धरावीच लागते. पाकिटात मूळ कागदही असतात: पगाराच्या पावत्या, कपड्यांच्या याद्या, रजेचे अर्ज, अपंगत्वाचे दाखले. ते आधी पाहावेत. त्यांवर शिपायाची स्वतःची सही असते, किंवा तिच्या जागी फुलीची निशाणी असते आणि शेजारी साक्षीदाराचे नाव.

कार्डावर छापील रकाने ठरलेले आहेत: भरती केव्हा, कुठे, कोणी केली, किती मुदतीसाठी, शेवटचा पगार कोणी दिला, कोणत्या तारखेपर्यंतचा, हजर की गैरहजर, आणि शेरा. वाचायची रीत समजावी म्हणून एक काल्पनिक पाकीट घेऊ. जॉर्जियातला एक शिपाई आहे. पहिल्या कार्डावर भरतीची तारीख ४ मार्च १८६२ आहे, मुदत तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत, आणि ५० डॉलर बक्षिसी मिळाल्याचा शेरा आहे. मे-जूनच्या कार्डावर ‘गैरहजर, आजारी, रुग्णालयात’ असे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कार्डावर ‘हजर’ आहे, शेवटचा पगार ३१ ऑगस्टपर्यंतचा. जानेवारी-फेब्रुवारी १८६३ मध्ये ‘विनापरवाना गैरहजर’, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा ‘हजर’. त्यानंतर संघराज्याच्या कैद्यांच्या वहीतून घेतलेली कार्डे आहेत: २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे पकडला, फोर्ट डेलावेअरमध्ये ठेवला, ऑक्टोबरमध्ये पॉइंट लुकआउटला हलवला, मार्च १८६५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला.

भरतीच्या तारखेपासून विचार सुरू करावा. १८६१ च्या उन्हाळ्यात फोर्ट सम्टरच्या, म्हणजे युद्धाच्या पहिल्या, लढाईनंतरच्या उत्साहात आलेला माणूस आणि हा माणूस यांच्यात फरक आहे. १६ एप्रिल १८६२ रोजी कॉन्फेडरेट काँग्रेसने १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा केला, आणि आधीच्या एका वर्षाच्या करारावर आलेल्यांनाही तीन वर्षे अडकवले. सप्टेंबरमध्ये ही मर्यादा ४५ पर्यंत गेली, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये १७ ते ५० अशी झाली. आपला शिपाई कायद्याच्या सहा आठवडे आधी आला. सक्ती येणार हे तोवर दिसू लागले होते, आणि आपणहून आल्यास शेजाऱ्यांच्या कंपनीत जाता येई व बक्षिसी मिळे. त्याने हाच हिशोब केला असे सिद्ध होत नाही, पण त्याच्यासमोर हा हिशोब होता एवढे लिहिता येते. ‘भरती कोणी केली’ या रकान्यात कॅप्टनचे नाव असण्याऐवजी एन्रोलिंग ऑफिसरचे, म्हणजे सक्तीच्या भरतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे, असेल, तर माणूस बहुधा सक्तीने आणलेला असतो. आणखी एक गोष्ट इथे पाहावी: ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या पुरुषाला देखरेखीसाठी सूट मिळाली, आणि डिसेंबर १८६३ पर्यंत पैसे देऊन बदली माणूस पाठवण्याचीही सोय होती. गरीब शेतकऱ्यांच्या पत्रांत या दोन गोष्टींबद्दलचा संताप वारंवार येतो.

‘हजर’ या शब्दाने नवखा अभ्यासक हमखास फसतो. हजेरीपट साधारणपणे दर दोन महिन्यांनी होत असे आणि तो त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाची स्थिती सांगतो. म्हणजे ३१ डिसेंबर १८६२ रोजी माणूस छावणीत होता, एवढेच तिथे म्हटले आहे. १३ डिसेंबरच्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत तो होता असे त्यावरून म्हणता येत नाही. पगाराचा रकानाही असाच काळजीपूर्वक वाचावा. साध्या शिपायाला महिना ११ डॉलर मिळत, जून १८६४ पासून १८. आपल्या शिपायाचे डिसेंबरअखेर चार महिन्यांचे ४४ डॉलर थकले होते, आणि ते हाती येईपर्यंत कॉन्फेडरेट नोटांची किंमत आणखी घसरलेली असणार. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडमध्ये भाकरीसाठी बायकांचा दंगा झाला, त्याच हिवाळ्याच्या शेवटी हा माणूस विनापरवाना गैरहजर राहून परत आला आहे. घरून आलेल्या पत्रामुळे तो गेला असेल. पेरणीसाठी गेला असेल. रजा संपल्यावर रस्त्यात आजारी पडला असेल. शेऱ्यात ‘फरारी’ असे न लिहिता ‘विनापरवाना गैरहजर’ लिहिले आहे आणि पुढच्या कार्डावर तो पुन्हा रांगेत आहे, तेव्हा त्याला पळपुटा ठरवू नये. त्याचप्रमाणे ‘फरारी’ असा शेरा असलेला माणूस त्याच आठवड्यात एखाद्या रुग्णालयात मरण पावलेलाही सापडतो, कारण कंपनीला ते कळलेलेच नसे. म्हणून शेऱ्याची पडताळणी दुसऱ्या दफ्तरातून केल्याशिवाय कोणाच्या नावाला डाग लावू नये.

या पाकिटातला सर्वांत मोठा धडा शेवटच्या कार्डांत आहे. जुलै १८६३ नंतर हा शिपाई वीस महिने कैदेत होता. त्याची पलटण १८६४ मध्ये वाइल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर इथे लढली, तो नव्हता. पलटणीचा इतिहास समोर ठेवून शिपायाचे चरित्र लिहिले, की ज्या लढायांत तो नव्हता त्या सगळ्या त्याच्या नावावर चढतात. घराण्यांच्या इतिहासांत ही चूक सर्रास आढळते.

म्हणून एक साधा तक्ता करावा. डावीकडे १८६१ ते १८६५ चे महिने, पुढे कार्डावरची नोंद, त्यापुढे पलटण त्या महिन्यात कुठे होती. पलटणीच्या हालचालींसाठी सरकारने १८८० ते १९०१ या काळात छापलेले युद्धाचे १२८ भागांचे अधिकृत दफ्तर वापरावे. ते विनामूल्य वाचता येते. लढायांची दुहेरी नावे ध्यानात ठेवावीत, कारण उत्तरेकडचे लोक बहुधा नदी-ओढ्याचे नाव देत आणि दक्षिणेकडचे जवळच्या गावाचे: अँटिएटम आणि शार्प्सबर्ग एकच, बुल रन आणि मॅनॅसस एकच, स्टोन्स रिव्हर आणि मर्फ्रीझबरो एकच. जिथे कार्ड नाही तो महिना कोरा ठेवावा. १८६४ च्या मध्यानंतर हजेरीपट फार कमी उरले आहेत, त्यामुळे कोरे महिने पुष्कळ निघतील. ते भरून काढण्याचा मोह आवरावा.

रुग्णालय आणि कैद

लढाईत मेलेल्या प्रत्येक शिपायामागे सुमारे दोन रोगाने मेले. पहिल्या वर्षी खेड्यांतली मुले प्रथमच हजारोंच्या संख्येने एकत्र आली आणि गोवराने आडवी पडली. त्यामागून विषमज्वर, न्यूमोनिया आणि हगवण होतीच. त्यामुळे ‘आजारी’ हा शेरा दिसला, की रुग्णालयांच्या नोंदवह्या पाहाव्यात. रिचमंडच्या चिंबोराझो रुग्णालयात युद्धकाळात ७५ हजारांहून अधिक रुग्ण आले, आणि त्याच्या वह्या शिल्लक आहेत. दाखल झाल्याची तारीख, रोग, परत पलटणीत पाठवल्याची किंवा मृत्यूची तारीख असा मजकूर त्यांत असतो. मेलेल्या शिपायाचा थकलेला पगार मागण्यासाठी बायकोने किंवा बापाने केलेला दावा सापडला, तर नाते, गाव आणि मृत्यूचे ठिकाण हे सगळे एका कागदात मिळते.

कैद्यांच्या नोंदी संघराज्याच्या कारकुनांनी ठेवल्या, आणि त्या कॉन्फेडरेट हजेरीपटांपेक्षा सलग आहेत. जुलै १८६२ च्या करारानुसार आधी कैद्यांची अदलाबदल होत असे. कॉन्फेडरेट सरकारने पकडलेल्या काळ्या शिपायांना युद्धकैदी म्हणून समान वागणूक नाकारली, आणि १८६३ मध्ये ती व्यवस्था मोडली. त्यामुळेच गेटिसबर्गनंतर पकडलेली माणसे वर्षानुवर्षे अडकून पडली. कार्डावर कॅम्प डग्लस, रॉक आयलंड, पॉइंट लुकआउट, एल्मायरा अशी कैद्यांच्या छावण्यांची नावे येतात. एल्मायरा येथे जुलै १८६४ पासून वर्षभरात सुमारे १२ हजार कैदी आले आणि जवळजवळ तीन हजार मेले. तिथल्या स्मशानाचे काम जॉन जोन्स यांच्याकडे होते. ते स्वतः व्हर्जिनियातून गुलामीतून पळून आलेले होते. त्यांनी प्रत्येक मृताचे नाव, पलटण आणि थडग्याचा क्रमांक इतक्या काळजीने नोंदवला, की आज तिथली फार थोडी थडगी अनोळखी आहेत. कॉन्फेडरेट शिपायाचा वंशज आजही आपल्या पूर्वजाचे थडगे शोधतो ते या माणसाच्या हातच्या नोंदीवरून. याच्या उलट, गेटिसबर्गला रणभूमीवर पुरलेल्यांपैकी सुमारे तीन हजारांचे अवशेष १८७२-७३ मध्ये रिचमंडच्या हॉलीवूड स्मशानात नेले, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणाला सांगता आली नाहीत.

कैदेतून सुटताना एकनिष्ठतेची शपथ घेतली असेल, तर त्या कागदावर उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग आणि राहण्याची काउंटी लिहिलेली असते. ज्याचे छायाचित्र नाही अशा शिपायाचे रूप आपल्याला बहुधा इथेच पहिल्यांदा कळते. काही कैद्यांनी संघराज्याच्या फौजेत नाव घालून सुटका करून घेतली आणि ते पश्चिमेकडच्या सीमेवर गेले. अशा सहा पलटणी होत्या.

रोजचे जगणे

पत्रे मिळाली तर भाग्य. शिपायांना टपालखर्च आधी न भरता, पाकिटावर नाव, हुद्दा आणि पलटण लिहून पत्र पाठवता येई व टपालखर्च पत्र घेणारा भरे. त्यामुळे जुन्या पाकिटावरूनही पलटण कळते. कागद इतका दुर्मीळ झाला, की लिहिलेल्या पानावर आडव्या ओळी लिहीत आणि भिंतीवर चिकटवायच्या रंगीत कागदाची पाकिटे करीत. लढाईबद्दल अशा पत्रांत थोडेच असते; मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, बूट, जाड मोजे आणि घरी गाय व्याली का, हेच जास्त असते. आपल्या शिपायाचे पत्र नसेल, तर त्याच कंपनीतल्या दुसऱ्याचे शोधावे आणि ते दुसऱ्याचे आहे हे चरित्रात स्पष्ट सांगावे.

घराकडची बाजू राज्याच्या अभिलेखागारांत मिळते. नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर झेब्युलन व्हॅन्स यांच्या दफ्तरात शिपायांच्या बायकांचे नवऱ्याला घरी सोडावे म्हणून केलेले अर्ज आहेत. जॉर्जियात शिपायांच्या कुटुंबांना आणि विधवांना मीठ वाटले, त्याच्या याद्या आहेत. मीठ नाही तर मांस टिकत नाही, आणि मांस टिकले नाही तर हिवाळा निघत नाही. त्या याद्यांतले एक नाव घरची अवस्था पुरेशी सांगते.

युद्धानंतर

९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे ली शरण आले तेव्हा सुमारे २८ हजार शिपायांना पॅरोलची, म्हणजे पुन्हा न लढण्याच्या वचनावर घरी सोडल्याची, छापील चिठ्ठी मिळाली, आणि ती यादी उपलब्ध आहे. पुढे १८८९ मध्ये माजी सैनिकांची आणि १८९४ मध्ये त्यांच्या मुलींची संघटना निघाल्यावर जे मृत्युलेख लिहिले गेले, त्यांत शेवटपर्यंत लींबरोबर राहिल्याचे ज्याच्या त्याच्याबद्दल सांगितले आहे. मृत्युलेखातला तो दावा त्या यादीशी ताडून पाहावा.

संघराज्याचे पेन्शन या शिपायांना नव्हते. ते दक्षिणेच्या राज्यांनी दिले, व्हर्जिनियाने १८८८ पासून, टेनेसीने १८९१ पासून, टेक्सासने १८९९ पासून. अर्ज ज्या राज्यात माणूस त्या वेळी राहत होता तिथे करायचा असे, ज्या राज्याच्या पलटणीत तो होता तिथे नव्हे. हे विसरल्यामुळे पुष्कळांचे शोध थांबतात: अलाबामाच्या पलटणीतला माणूस टेक्सासच्या अर्जांत सापडतो. अर्जात जखम, मालमत्ता, पलटण कधी व का सोडली आणि साक्षीला आलेले जुने सोबती असे सगळे असते. मात्र तो चाळीस वर्षांनंतर, गरजेपोटी आणि दारिद्र्य सिद्ध करण्यासाठी लिहिलेला आहे, म्हणून त्यातल्या तारखा कार्डांवरून तपासाव्यात. टेनेसीने १९१४-१५ मध्ये आणि पुन्हा १९२० च्या सुमारास हयात सैनिकांना प्रश्नावली पाठवली. तीत घरी गुलाम होते का, बाप कोणते काम करी, गुलाममालक गरीब गोऱ्यांशी कसे वागत, असे प्रश्न आहेत. साध्या शिपायाच्या तोंडून वर्गभेदाबद्दल इतके थेट बोलणे दुसरीकडे क्वचितच मिळते. १९१० च्या जनगणनेत सीए (कॉन्फेडरेट आर्मी) ही अक्षरे नावापुढे असतील तर तो माणूस कॉन्फेडरेट फौजेत होता असे समजावे.

पेन्शनच्या कागदांत कधी काळ्या माणसांची नावे येतात, आणि त्यावरून हजारो काळे शिपाई कॉन्फेडरेट बाजूने लढले असे सांगितले जाते. ते चूक आहे. काही राज्यांनी फौजेबरोबर नेलेल्या नोकरांना पेन्शन दिले. ते बहुतेक मालकाच्या मुलाबरोबर स्वयंपाकाला आणि घोड्यांच्या देखभालीला धाडलेले गुलाम होते. काळ्यांना शिपाई म्हणून घेण्याची परवानगी कॉन्फेडरेट काँग्रेसने मार्च १८६५ मध्ये, म्हणजे युद्ध संपता संपता दिली. असे नाव आपल्या शिपायाच्या कंपनीजवळ आढळले, तर तो माणूस कोणाच्या घरून आला होता हे १८६० च्या तक्त्यांशी जुळवून पाहावे आणि त्याचीही नोंद चरित्रात घ्यावी.

शेवटचे काम १८७० च्या जनगणनेत करायचे आहे. शिपाई जिवंत परतला असेल तर त्याच काउंटीत त्याचे घर पुन्हा शोधावे, आणि मालमत्तेचे दोन्ही आकडे दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यांशेजारी मांडावेत. या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावे पहिल्यांदाच आली आहेत. शिपायाच्या घराच्या मागची पुढची दहा-बारा पाने वाचून काळ्या कुटुंबांची नावे, वये आणि जन्माची राज्ये टिपावीत, ती १८६० च्या त्या बिननावाच्या ओळींशी वय व लिंग पाहून जुळवावीत, आणि फ्रीडमेन्स ब्युरोच्या, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या, दफ्तरातले १८६५ ते १८६७ चे मजुरीचे करार काढून त्याच शेतावर तेच लोक आता कोणत्या अटींवर राबत होते ते पाहावे. यातली जी नावे खात्रीने जुळतील ती शिपायाच्या चरित्रात त्याच्या आईबापांच्या नावांइतकीच स्पष्टपणे लिहावीत.